परदेशातले साचे आणि मलकपेठेतलं घर

मी, भामा एकनाथराव बिरादार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा भेटवस्तू व घरगुती सामानाची आयात आणि विक्री, राहणार मलकपेठ, हैदराबाद, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही धाकाविना आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुद्धीबद्दल वरच्या मजल्यावरच्या डॉ. सुमेधा सोनकांबळे यांचा दाखला जोडला आहे. धाकाबद्दलचा दाखला कुठे मिळत नाही. पण मला धाकात ठेवू शकणारा एकच माणूस होता, तो आठ वर्षांमागे वारला, आणि खरं सांगायचं तर तोच माझ्या धाकात होता.

माझे वकील पुल्लय्या गारू, गारू म्हणजे आपलं 'राव', म्हणाले, "अम्मा, इंग्रजीत लिहा." मी म्हटलं, "गारू, इंग्रजीत मी चीनशी आणि व्हिएतनामशी भांडते. घरच्यांशी मराठीतच भांडणार." भाषांतराचं ते बघतील.

याआधी केलेलं माझं मृत्युपत्र मी रद्द करत आहे. त्यात सगळं माझा मुलगा प्रशांत याला दिलं होतं. त्याने काही गुन्हा केला म्हणून रद्द करते असं कुणी समजू नये. तेव्हा राणी त्याची बायको होती, आणि एकाचं ते दुसऱ्याचं असं धरून मी चालले होते. आता दोघे राजीखुशीने वेगळे होत आहेत. प्रशांत सिंगापूरला असतो, राणी माझ्याजवळ राहते आणि माझ्याबरोबर दुकान चालवते. मूल नाही, आणि त्यात कुणाचा दोष नाही. वकिलांनी मला स्पष्ट सांगितलं, "अम्मा, तुम्ही गेलात की कायद्याने सगळं मुलाचं. सुनेचा हक्क नाही, आणि घटस्फोट झालेल्या सुनेला तर दारातसुद्धा उभं राहता येणार नाही." त्या दिवसापासून मला घास गोड लागेना. हा कागद त्यासाठी आहे. बाकीची कलमं याच्या आजूबाजूची समजावीत.

कलम पहिले. माझी मिळकत.

मलकपेठेतलं राहतं घर आणि कोठी बाजारातलं दुकान, दोन्ही माझ्या नावावर आणि माझ्या कमाईची आहेत. वडिलोपार्जित त्यात काही नाही. उदगीरकडची शेती माझ्या सासऱ्यांची, तिचं कायद्याने होईल ते होवो.

हे दुकान कसं झालं ते लिहिते, कारण पुढे लोक म्हणतील नवऱ्याने काढून दिलं. यजमान सरकारी नोकरीत, महिन्याच्या एक तारखेचे माणूस. मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी वेगळं वाण द्यायची. शेजारणी विचारायला लागल्या, "भामाताई, आमचंही आणा." मग तेलुगू शेजारणी आल्या. त्यांच्या लग्नात, गृहप्रवेशात पाहुण्यांना काहीतरी हातात द्यावंच लागतं. बेगम बाजारातून आणून मी विकायची. एकदा तिथल्या एका शेटला विचारलं, तुम्ही हे कुठून आणता? म्हणाला, "बाहर से आता अम्मा, तुमकू नै जमता." झालं! मला नाही जमत म्हटलं की माझं डोकं फिरतं.

पहिल्यांदा चीनला निघाले तेव्हा माझे धाकटे दीर शंकरराव चारचौघांत म्हणाले, "वहिनी सामान काय आणणार, स्वतःच हरवून येतील." मी सामान घेऊन आले. हरवली ती फक्त एक चप्पल. शंकररावांनी आजवर शब्द मागे घेतलेला नाही.

कलम दुसरे. परदेशात असलेले साचे.

हे कलम वकिलांना समजावताना माझा घसा कोरडा पडला, म्हणून सविस्तर लिहिते. बाहेरच्या कारखान्यातून आपल्या मनासारखी वस्तू करून घ्यायची तर आधी तिचा साचा करावा लागतो. त्याचे पैसे आपण द्यायचे, पण साचा राहतो कारखान्यात. म्हणजे मालकी आपली आणि वस्तू परक्याच्या फळीवर, समुद्रापलीकडे. असे माझे बरेच साचे हनोईजवळच्या कुंभारांच्या गावात लानबाईंच्या कारखान्यात आहेत. 'बाई' मी लावलं, त्यांना ते आवडतं. कुयरीचा करंडा, गॅलरीत मावेल असं तुळशीवृंदावन, पाच वातींची पणती, तेलुगू बायकांच्या सणाला बतुकम्माची फुलं रचायचं ताट, लोणच्याच्या तीन मापांच्या बरण्या. दुकानात जे काही दुसरीकडे मिळत नाही, ते या साच्यांतून येतं. साचे गेले तर उरतात चार भिंती आणि एक शटर.

हे सर्व साचे मी राणीला देत आहे. लानबाईंना हे मी फोनवर कळवलं आहे. त्यांच्या पोरीने भाषांतर केलं. त्या म्हणाल्या, राणी सांगेल तेव्हाच साचा फळीवरून खाली येईल. राणी प्रत्येक वाटीला नखाने टिचकी मारून आवाज ऐकते आणि तडा गेलेली बाजूला काढते. लानबाईही तसंच करतात. पहिल्या भेटीत दोघी एका टेबलाशी बसून नुसत्या टिचक्या मारत होत्या आणि हसत होत्या. भाषा नंतर आली, आणि ती अजूनही धड आलेली नाही.

प्रशांतने एकदा सुचवलं होतं की हेच नमुने मोठ्या कारखान्याला दे, स्वस्त पडतील. सुचवणं चुकीचं नव्हतं. पण मोठ्या कारखान्याला आपण म्हणजे दर्यामें खसखस. माल फुटका आला तर तिथे फोन कोण उचलणार?

कलम तिसरे. गोदामातले गणपती.

एका वर्षी गणपती करून घ्यायचे ठरले. धूलपेठच्या मूर्तिकाराकडून मी शाडूचा नमुना करून घेतला, डाव्या सोंडेचा, मांडी घालून बसलेला, बघत राहावं असा. नमुना कुरिअरने पाठवायला वेळ नव्हता. प्रशांतला म्हटलं, फोटो धाड. या पठ्ठ्याने मूर्ती गालाशी धरून मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्याने स्वतःसकट फोटो काढला आणि दिला पाठवून! त्या कॅमेऱ्यात डाव्याचं उजवं होतं. लानबाईंना बिचाऱ्यांना आपल्याकडच्या सोंडेचं काय ठाऊक? दिसलं तसं त्यांनी केलं. सनतनगरच्या कस्टमच्या डेपोतून माल सुटून आला, खोकी फोडली, तर एकजात उजव्या सोंडेचे. कोठीतल्या बायका मूर्ती हातात घ्यायच्या, सोंड बघायच्या आणि हळूच परत ठेवायच्या. "नको बाई, हा कडक असतो. याचं सोवळं आमच्याच्यानं व्हायचं नाही."

यजमान भडकले. "फोटो कुणी काढला?" दुकानात गिऱ्हाइकं उभी. प्रशांतची मान खाली. राणीच्या लग्नाला तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. ती पुढे झाली आणि सासऱ्यांना म्हणाली, "मामा, मी काढला." यजमानांनी फोटो पाहिलेलाच नव्हता. त्यांनी तिला गिऱ्हाइकांदेखत नाही नाही ते ऐकवलं. तिने ऐकून घेतलं आणि खोकी परत बांधायला बसली. त्या दिवसापासून ती माझ्या मनात बसली, ती आजतागायत उठलेली नाही.

उरलेले गणपती माझे दीर शंकरराव यांना द्यावेत. कडक देवाला कडक माणूस. सगळे घ्यावे लागतील, निवडून मिळणार नाहीत.

कलम चौथे. राणी.

मलकपेठेतलं घर, त्यातलं सामान, कोठीचं दुकान, दुकानाचं नाव, आयातीचा परवाना ज्या रीतीने बदलून मिळेल त्या रीतीने, आणि वरचे साचे, हे सर्व मी राणीला पूर्ण मालकीने देत आहे. तिने ते ठेवावं, विकावं, भाड्याने द्यावं. पुन्हा लग्न केलं तरी ते तिचंच. कुणीही, माझा मुलगा प्रशांत यानेसुद्धा, तिला या घराबाहेर काढू नये.

वकिलांनी विचारलं, लाभार्थीशी नातं काय लिहू? सून लिहिलं तर कोर्टाच्या निकालानंतर ते खोटं ठरतं. मुलगी लिहिलं तर ते आजच खोटं आहे. मी म्हटलं, "लिहा, माझं माणूस." म्हणाले, "अम्मा, हे कायद्यात कुठे बसतं?" मी म्हटलं, "तुम्ही बसवा, वकील कशाला केलाय?" शेवटी त्यांनी तिच्या वडिलांचं नाव आणि आधार कार्ड यावर भागवलं. मी मात्र इथे लिहून ठेवते. राणी माझं माणूस आहे.

तिला हे कळल्यावर ती रडायला लागली. मला ती आत्या म्हणते, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. "आत्या, नक्को ना हे. लोक म्हणतील म्हातारीला गुंडाळलं." अगं, मला गुंडाळणारा अजून जन्मायचाय. चीनच्या दलालांनी दमून नाद सोडला. आणि नको म्हणून जाशील कुठे? भालकीला तुझा भाऊ आहे, भला आहे, पण ते घर त्याच्या बायकोचं आहे आणि तिचं तरी काय चुकलं? पाहुणी म्हणून आठ दिवस गोड लागतात. नववा दिवस कसा जातो ते मी माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत पाहिलंय. तुझ्यावर मी तो येऊ देणार नाही.

धंद्याचं थोडं. उन्हाळ्यातल्या लग्नांचा माल दसऱ्याच्या आत सांगून ठेव, कारण त्यांचं नवं वर्ष आलं की कारखान्याला टाळं लागतं आणि कुंभार गावी जातात. नमुना हातात आल्याशिवाय पूर्ण मालाला होकार देऊ नको. लानबाईंशी भाव करताना रडू नको, दोघी रडता आणि भाव तिथेच राहतो.

कलम पाचवे. प्रशांत.

बँकेतल्या माझ्या सर्व ठेवी, माझं सोनं आणि त्याच्या वडिलांची मोटार मी प्रशांतला देत आहे. प्रशांत वाईट मुलगा नाही. माझ्या आजारपणात तो दोनदा नोकरी टांगणीला लावून आला आणि महिनाभर त्याने माझं पथ्य सांभाळलं. नवरा-बायकोचं जमलं नाही. शेजारच्या बायका मला विचारतात, चूक कुणाची? मी सांगते, तुम्हाला काय करायचंय. मी दोघांची आहे, आणि म्हणूनच ज्याच्या पायाखाली जमीन आहे त्याला पैसा दिला, जिच्या पायाखाली नाही तिला जमीन दिली. यात प्रेमाचं वजन कुणी करू नये.

कलम सहावे. हे वाचून दाखवल्याबद्दल.

प्रशांत कोर्टाच्या शेवटच्या तारखेसाठी आला आहे. त्याला मराठी बोलता येतं, वाचता फारसं येत नाही, ती आमच्या शाळा निवडण्याची करामत. म्हणून काल दुपारी, राणी दुकानात असताना, मी हा सगळा कागद त्याला वाचून दाखवला. मागाहून कोर्टकचेरी नको.

गणपतीपाशी तो हसला आणि मग हसू मावळलं. चौथ्या कलमाशी म्हणाला, "आई, ते काढू नये वालं वाक्य खोड ना. मी काय तिला बाहेर काढणार होतो?"

मी म्हटलं, "तू नाही काढणार. उद्या तुझा दुसरा संसार होईल, त्या बाईला हे घर दिसेल. तेव्हा तुला नाही म्हणणं जड जाईल. आत्ता सोपं आहे."

त्याने हळू आवाजात विचारलं, "मग मी हैदराबादला आल्यावर उतरू कुठे?"

एवढी कलमं लिहिली, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी लगेच पेन उचललं. म्हटलं, लिहिते, प्रशांतला या घरात येऊन राहण्याचा हक्क राहील. वकील काय म्हणायचं ते म्हणोत.

त्याने माझा हात धरला. "नक्को आई. लिहिलंस तर मी हक्काने येईन, अन् तिला दार उघडावंच लागेल. मग घर तिचं कुठे राहिलं? ती ये म्हणाली तर येईन. नै तो हॉटेल हैच."

त्याच्या हक्काचं ते वाक्य मी लिहिलेलं नाही.

ठिकाण : मलकपेठ, हैदराबाद
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार : भामा एकनाथराव बिरादार (सही)

आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली :
१. डॉ. सुमेधा शंकर सोनकांबळे, मलकपेठ (सही)
२. गौतम निवृत्ती गवळे, निवृत्त पोस्टमास्तर, आबिड्स (सही)

सर्व ऐकले. मान्य आहे. घर राणीचं.
प्रशांत एकनाथराव बिरादार, मुलगा (सही)