कोरड्या गटातला ओला हात

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, सध्या वाकायचं झालं तरी डॉक्टरांना विचारावं लागतं). तुझे गुडघे कसे आहेत? भाओजींचा खोकला थांबला, की अजून पाहुणे उठेनासे झाले की मुद्दाम खोकतात? मी उत्तम आहे. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या तुंबल्यात, तेवढं सोडलं तर अगदी ठणठणीत. मनगटातून तार सरकवायची, आत फुगा फुगवायचा आणि जाळी बसवायची, एवढंच काम. तासाभरात आटपतं म्हणे. (फोन केला नाही, कारण फोनवर तू रडतेस आणि मग मला बोलता येत नाही.) तू लगेच पिशवी भरायला घेऊ नकोस, येण्याची काही एक गरज नाही. सुई दिसली की पलंगाखाली शिरणारा, आणि ज्याला तू गल्लीभर भागूबाई म्हणत फिरायचीस, तो भाऊ आता उरलेला नाही, हे कळवायलाच हे पत्र.

तर झालं असं. तपासणीच्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई वही घेऊन माझ्याजवळ आल्या. त्यांचं संशोधन चाललंय. तार घालण्याआधी रोज पंधरा मिनिटं हात गरम पाण्यात बुडवून ठेवला तर मनगटातली रक्तवाहिनी सैलावते का, रक्त जास्त वाहतं का आणि तार जाताना कमी दुखतं का, हे त्यांना बघायचंय. ‘कमी दुखतं’ एवढे दोनच शब्द माझ्या कानात शिरले आणि मी सही ठोकली. पुढचं मग कळलं. पाणी सगळ्यांना नसतं. कुणाला पाणी आणि कुणाला नाही, हे संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. माझ्या शेजारी बाकावर एक बँडवाले बसले होते (जन्मभर कर्णा फुंकलेला, गाल अजून फुगलेलेच). त्यांना पाणी मिळालं. मी कोरड्या गटात. म्हणजे मी काहीही करायचं नाही, नुसतं तुलनेसाठी घाबरत बसायचं.

आता तुझ्यापासून काय लपवायचं? तीस वर्षं मी वजनमापे निरीक्षक होतो. दुकानात शिरलो की वजन उलटं करून बुडाचं शिसं आधी बघायचो. काट्याखाली चिंचोका चिकटवणाऱ्याला मी कधी सोडलं नाही, माझ्या होणाऱ्या चुलतसासऱ्यांनासुद्धा नाही (म्हणून तर ते माझ्या लग्नात जेवले नाहीत). आणि त्याच मी दुसऱ्या दिवशी सकाळी दार लावून, खिडकीचा पडदा ओढून, पातेल्यात पाणी तापवलं आणि हात बुडवून बसलो. चोरी करायची तीही नीट मापून: थर्मामीटर लावून बरोबर चाळीस अंश, घड्याळ लावून बरोबर पंधरा मिनिटं. सात दिवस एकही खाडा नाही. खरं सांगतो ताई, ही गेल्यापासून दिवसातली तेवढीच पंधरा मिनिटं मला बरं वाटायचं.

आठव्या दिवशी मोजमाप. मनगटाला गारगार मलम फासून वर यंत्र फिरवतात आणि पडद्यावर रक्त वाहताना दिसतं. आधी बँडवाल्यांचा हात झाला. उन्हाळ्यातल्या नळासारखी धार. मग माझा, तर नुसता पूर! बाईंनी यंत्र पुसलं, पुन्हा फिरवलं, दुसरं यंत्र मागवलं. पूर तसाच. मग त्या स्टुलावर मटकन बसल्या आणि स्वतःशीच पुटपुटल्या, की दोन वर्षं मी काय करतेय मग? तो चेहरा मी ओळखतो गं. आपलं वजन खोटं आहे हे ज्याला स्वतःलाच ठाऊक नसतं, अशा प्रामाणिक दुकानदाराचा तो चेहरा. मी पातेल्यापासून थर्मामीटरपर्यंत सगळं ओकून टाकलं. ते ऐकून बँडवाल्यांनाही धीर आला. त्यांनी सातही दिवस पाण्याला बोट लावलं नव्हतं. पाणी तापवायचा कंटाळा!

बाईंनी टेबलावर डोकं टेकलं, खांदे हलायला लागले. मला वाटलं रडवली पोरीला. त्यांनी वर बघितलं तर हसून हसून डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, “काका, तुम्ही दोघं मिळून माझी पदवी बुडवणार होतात!” मग आम्हा दोघांच्या नावांवर काट मारली. आता मी कुठल्याच गटात नाही, हवा तेवढा वेळ हात बुडवायला मोकळा. तेव्हा माझं सगळं छान चाललंय. भाओजींना नमस्कार.

तुझा शूर भाऊ

ता. क. – जाळी बसवायचं काम पुढच्या गुरुवारी, सकाळी नऊला. नुसतं माहितीसाठी.

दुसरा ता. क. – एक कागद आहे, त्यावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. माझ्या पोरीचं बाळंतपण तोंडावर आलंय, तिला काही कळवलेलं नाही. तिथे तुझं नाव लिहून ठेवलंय. तुझी सही मला डोळे मिटून करता येते, हे तुला माहीत आहे. पण खोटं माप जन्मात एकदा केलं तेवढं पुरे. जागा रिकामी आहे.

तिसरा ता. क. – डॉक्टरीणबाईंना विचारलं, की त्या दिवशी पातेलं बरोबर आणू का? म्हणाल्या, आत नेईपर्यंत कुणी हात धरून बसलं तरी पुष्कळ, फक्त त्यावर अजून मी संशोधन केलेलं नाही. बँडवाल्यांची बायको त्यांचा हात धरणार आहे. ताई, मला फार भीती वाटते गं. बुधवारीच ये.

तुझी भागूबाई