पानांच्या जागी चौकोन

सोमवार, ४ मार्च

गेला एकदाचा माझा पहिला नमुना! तान्ह्या बाळाचं जाकीट, त्यावर पानांची जाळी. लोकरीच्या दुकानातल्या झाडून सगळ्या गिऱ्हाइकांच्या फोनवर पाठवला. सबंध नमुना चिन्हांत लिहिलाय. रिकामा चौकोन म्हणजे साधा सुलट टाका, हे विणणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. भोक पाडायचं तिथे गोलात ठिपका. दोन टाके एकत्र घ्यायचे तिथे इवलंसं पान – कॉम्प्युटरच्या चिन्हांच्या ढिगाऱ्यातून शोधून काढलं ते! किती वेळा तपासलं ते लिहीत नाही, मलाच हसू येईल.

मालकीणबाई म्हणाल्या, छान दिसतंय. उमेदवारीच्या काळातलं त्यांच्या तोंडचं हे पहिलं 'छान'.

आईला दाखवायचं मनात होतं. पण तिला अक्षर येत नाही. आमच्या घरात शाळेचं तोंड पाहिलेली मी पहिली. आई विणते सुरेख, पण साधंच – टोप्या, मफलर. जाळीचे नमुने पुस्तकात असतात, आणि पुस्तक निघालं की ती सुया खाली ठेवते.

बुधवार, ६ मार्च

कुणाचीच तक्रार नाही. याचीच जास्त धास्ती वाटते.

सोमवार, १८ मार्च

निवृत्त नर्सबाई जाकीट घेऊन आल्या. लेकीचे दिवस भरत आलेत, तिच्या बाळासाठी विणलंय. सुबक, टाक्याला टाका सारखा. आणि अख्ख्या जाकिटात एकही भोक नाही!

"पानं कुठायत गं? मी तर तू लिहिलंस तस्संच विणलं."

त्यांचा फोन बघितला. ओळीमागून ओळी, नुसते चौकोन. माझा गोल नाही, माझं पान नाही. गल्ल्यावरच्या गुंडाभाऊंनी उलगडा केला (लोकरीच्या गुंड्यासारखे गोल आहेत, हे नाव त्यांनी स्वतःच घेतलंय). जुन्या फोनला एखादं चिन्ह ओळखता आलं नाही की तो तिथे रिकामा चौकोन ठेवून मोकळा होतो. दुसऱ्या कुणी विचारलं तरी असतं, हे चौकोन कसले म्हणून. विणणाऱ्या बायका कशाला विचारतील? चौकोन दिसला, घातला सुलट टाका! बरं, टाक्यांचा मेळही चुकत नाही. भोकापाशी एक टाका वाढतो, जोडीपाशी एक कमी होतो. संशय यायला जागाच नाही.

नर्सबाई हसून हसून बेजार. म्हणाल्या, पानगळ झाली म्हणायची, आणि बाळाला वारा तरी लागणार नाही.

मालकीणबाई हसल्या नाहीत. दुपारपर्यंत आणखी दोघी आल्या, तशीच बिनभोकाची जाकिटं घेऊन. चिन्हं बंद, म्हणाल्या, यापुढे सगळं शब्दांत. आणि तुझ्या नोकरीचं शनिवारी बघू.

मंगळवार, १९ मार्च

धीर करून बोलले! म्हटलं, चिन्हं राहू द्या. एक ओळ शब्दांत लिहून दाखवली – फोनचा अख्खा पडदा भरला. यात बोट ठेवायचं कुठे आणि सुई चालवायची कधी? मालकीणबाईंनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली.

"ठीक आहे. तुला न विचारता, नुसता फोन बघून, कुणीतरी एक पान विणून आणू दे. शनिवारपर्यंत. मग चिन्हंही राहतील आणि तूही."

बुधवार, २० मार्च

नवा नमुना तयार. या खेपेला नखरे नाहीत. कुठल्याही फोनवर असतात तीच चिन्हं – भोकाला गोल, जोडीला तिरकी रेघ, सुलट टाक्याला आडवी रेघ. चौकोनाचं नावच काढायचं नाही! वर प्रत्येक चिन्हाशेजारी त्या टाक्याचा जवळून काढलेला फोटो. गुंडाभाऊ, शेजारच्या काकू, सगळ्यांच्या फोनवर पाठवून बघितलं. आईच्या तडा गेलेल्या फोनवरसुद्धा. तिला विचारलं, चौकोन दिसतोय का गं कुठे? नाही म्हणाली, रेघा आहेत, गोल आहेत. झालं माझं काम.

पान विणायला नर्सबाई आनंदाने तयार झाल्या. हुश्श.

गुरुवार, २१ मार्च

नर्सबाईंच्या लेकीला कळा सुरू झाल्या, त्या पहाटेच तिकडे गेल्या. जायलाच हवं. पण मी मेले!

बाकीच्या गिऱ्हाइकांना विचारलं. एकीचं म्हणणं, एकदा फसले तेवढं पुरे. गुंडाभाऊ म्हणाले, मी विणतो, त्यात काय. दोन्ही सुया एकाच हातात धरल्या होत्या.

शुक्रवार, २२ मार्च

नर्सबाईंना नात झाली. दुकानात पेढ्यांऐवजी बातमीच वाटली.

पान मात्र कुणी विणलं नाही. माझा खण आवरून ठेवला. उद्या जायचं म्हणाल्या तर पसारा मागे राहायला नको.

शनिवार, २३ मार्च

सकाळी चपलांशेजारी माझी पिशवी, तिच्यावर लोकरीचा हातभर तुकडा. त्यात दोन पानं. आई म्हणाली, खालचं वाकडं झालंय, वरचं दाखव. कुणी शिकवलं विचारलं, तर तिने फोनकडे बोट केलं.

मालकीणबाईंनी तुकडा खिडकीत उजेडावर धरला. एकेक भोक बघितलं. मग विचारलं, कुणी विणलं.

"आईने," मी म्हटलं. "वाचून."