बेअरिंगला लावलेलं कुंकू

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज लिहायला बसलेय ती तक्रार करायला. तुझ्या सवयीनं माझी पार गोची केली बघ. संकठा घाटाजवळच्या आपल्या स्वयंपाकघरात नवा मिक्सर आला, तेव्हा मी बटण दाबायला गेले तर तू हातावर फटका मारलास. "आधी कुंकू लागू दे, मग कर काय करायचं ते!" स्टोव्ह, पंखा, बाबांची स्कूटर, काही म्हणून सुटलं नाही तुझ्या बोटातून. मी किती चिडायचे! आणि मागच्या आठवड्यात मीच तेच करून बसले.

इथल्या विद्यापीठात मी चंद्रावर जाणाऱ्या वस्तू तपासते. बंद टाकीतली हवा काढून घ्यायची, आत तिथल्यासारखी कडाक्याची थंडी, मग भाजून काढणारी उष्णता, वर तिथल्या मातीसारखी बारीक धूळ. त्यात चाकाचं बेअरिंग तीन दिवस न अडकता फिरलं पाहिजे. त्यावरचा, तेलाऐवजी घर्षण कमी करणारा लेप माझ्या विद्यार्थिनीचा, तिची चार वर्षांची मेहनत. झाकण लावण्याआधी मी हातमोजा काढला आणि पर्समधल्या देवीच्या पुडीतलं कुंकू त्याला टेकवलं. लगेच पुसलंही गं! पण जिथं नुसत्या बोटाचा ठसा चालत नाही, तिथं कुंकू? दुसऱ्याच दिवशी बेअरिंग अडकलं.

आम्ही टेबलाभोवती उभे आहोत. आमचे विभागप्रमुख साहेब म्हणतात, "लेप ही बेकार है, फेल लिख दीजिए." पोरगी माझ्याकडे बघतेय, चेहरा पांढराफटक. साहेब बेअरिंग भिंगातून पाहतात. "मॅडम, ये लाल-लाल क्या है?" गप्प राहिले तर तिची चार वर्षं पाण्यात. "सर, लेप ठीक है, गलती मेरी है," मी कशीबशी म्हणते. "लाल मार्कर से निशान लगाया था, ठीक से पोंछा नहीं." मग सगळ्यांसमोर मला असं काही झापलं त्यांनी, विचारू नकोस.

नवं बेअरिंग लावून पुन्हा चाचणी केली. या वेळी बोट लावलं नाही. आज सकाळी तीन दिवस पूर्ण झाले, बेअरिंग फिरतंय. पोरगी माझ्या गळ्यात पडून रडली.

हे पत्र वहीतच राहील. अहवालात मार्कर लिहिलंय. खरं सांगितलं असतं तरी बोलणी तेवढीच बसली असती. पण त्या लोकांत मला तुझी लाज वाटली, आई.