डॉक्टरांचा हातगुण

आई,

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तू सांगतेस, "डॉक्टरांचा हातगुणच भारी! गाठ काढली आणि तिसऱ्या दिवशी चालायला लागले." मी नुसती मान डोलावते. तोंडावर सांगायची छाती नाही, हे पत्रही देणार नाही.

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करतेवेळी तुझा चष्मा मी मुद्दाम पिशवीत लपवला. तू मिक्सरलाही घाबरतेस. कागदावर 'रोबोट' वाचून घरीच पळाली असतीस. तुझी गाठ काढणारं ते मशीन आमच्या हॉस्पिटलात नवीनच आलंय. डॉक्टर लांब कोपऱ्यात बसून ते चालवत होते. तुझ्याजवळ उभी राहून त्याची हत्यारं बदलणारी नर्स मीच होते, जीव मुठीत धरून.

काल मी तुझे पाय चेपताना अगदी पहिल्यासारखी खेकसलीस, "तुझ्या हातात मेला दमच नाही!"

ऐकून इतकं बरं वाटलं गं!

तुझी,
दम नसलेली धाकटी