यादीतलं चौथं ठिकाण

मारतहळ्ळी, बंगळूर
१२ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप हणमंतमामांस,
रक्षिताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र आनंदाचं आहे, तेव्हा चष्मा शोधायला घाई करू नका. आमच्या ‘नगरफेरी’ या ऑनलाइन अंकात या शनिवारी माझं पान आलं. नाव आहे ‘पेठेतला एक दिवस, सहा ठिकाणं’. तुम्ही काही ते फोनवर वाचणार नाही, आणि इंग्रजीत लिहिलेलं तुमच्या लेखी लिहिलेलंच नसतं. म्हणून तुमच्यापुरता भाग मराठीत उतरवून देते आहे.

सकाळी दर्शिनीत उभ्या उभ्या दोसा खायचा. मग कब्बनपेठेत मागावर रेशीम विणताना बघायचं. तिथले आजोबा माझ्याशी बोलत होते, पण हात एकदाही थांबवला नाही. पुढे बळेपेठेत वीणा करणारे. त्यांनी फणसाच्या लाकडाचा एवढा ठोकळा माझ्या मांडीवर ठेवला आणि यात वीणा दिसतेय का विचारलं. मी हो म्हणाले, तर ते म्हणाले, मला अजून दिसत नाही. चौथं ठिकाण तुमचं. पाचवं एका जुन्या गोदामातलं कपड्यांचं प्रदर्शन, तिथे आज्यांच्या साड्यांची जाकिटं करून टांगलीयेत (किंमत सांगत नाही, मामी मला घरात घेणार नाहीत). सहावं, तव्यावरची गरम ओब्बट्टू, म्हणजे आपली पुरणपोळी.

तुमच्याबद्दल लिहिलंय ते असं: “चिकपेठेच्या बोळात पितळी कुलपांच्या दुकानाला लागून हणमंतराव शिंपी बसतात. ते गिऱ्हाइकाकडे एकदा नीट बघतात, टेप गळ्यातच राहते, आणि खडूची रेघही न ओढता कापड बेततात. मागच्या आठवड्यात मी गेले तेव्हा त्यांनी बोलता बोलता एक ब्लाउज बेतून बाजूला ठेवला.”

शेवटच्या वाक्यावर रागावू नका. आमच्याकडे नियम आहे की प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊनच लिहायचं. पाच ठिकाणी गेले, तुमचं तेवढं राहिलं. सहावं करेपर्यंत मजकूर द्यायची वेळ आली, आणि मारतहळ्ळीहून पेठेत पुन्हा यायचं म्हणजे अर्धा दिवस. तुमचं दुकान तर मला पाठ आहे. दोन वर्षांत येणं झालं नाही, पण त्या फळीवर बसून मी किती सुट्ट्या काढल्या! नात्याचा उल्लेख केला नाही, वशिला वाटला असता. आता गिऱ्हाइकं आली तर मला एक झकास कुर्ता शिवून द्यायचा.

मामींना नमस्कार. आईचा गुडघा बरा आहे. लोभ आहेच, कुर्त्याइतका तरी वाढवावा.

आपली,
रक्षिता

*

चिकपेठ
२६ जानेवारी

चि. रक्षितास,
मामीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मामांच्या नावानं आलं आणि उत्तर मी लिहितेय, म्हणून नाक मुरडू नकोस. तुझ्या मामांना वेळ नाही. तू आमच्या बोळात जत्रा भरवलीस. काल एक मुलगी आली ती केसांना निळा रंग लावून, मला अक्का अक्का म्हणत आत स्वयंपाकघरापर्यंत आली आणि डब्यांचे फोटो काढून गेली. शेजारचे कुलूपवाले दयानंद म्हणतात, अण्णा, आता तुम्ही बोर्ड इंग्रजीत करा. मी म्हटलं, आधी आहे तो कन्नडातला धुऊन घेते.

पण रक्षिता, एक विचारू? तुला ठाऊक नव्हतं का? दोन वर्षांमागे नामदेव पुण्यतिथीला यांनी समाजाच्या देवळात कात्री ज्योतिबाच्या हातात दिली. ज्योतिबा म्हणजे यांच्याकडे वीस वर्षं शिवायला होता तो, आता पीण्या भागात त्याचं स्वतःचं दुकान आहे. आपल्या घरची रीत तुला माहीतच आहे. कात्री दिली की त्या माणसानं पुन्हा कापड बेतायचं नाही. तुझ्या आजोबांनी यांना दिली, ती यांनी ज्योतिबाला. यांच्या उजव्या अंगठ्यात जोर राहिला नाही आणि एका डोळ्यानं अंधुक दिसतं. तेव्हापासून दुकानात फॉल लावणं, हूक, काजं-बटणं, एवढंच. तुझ्या आईला, कावेरीवन्संना, मी फोनवर सांगितलं होतं. तुझ्यापर्यंत आलं नसेल.

पहिल्या दिवशी दोघीजणी आल्या तेव्हा मी सांगायला उठले की बेतणं बंद आहे. यांनी मला हातानंच बसवलं. नंतर म्हणाले, पोरीनं छापलंय की तिनं मला बेतताना पाहिलं; मी नाही म्हणालो तर ती खोटी पडेल. परवा पीण्याला जाऊन ज्योतिबाकडून कात्री मागून आणली. दिलेली कात्री मागायला गेलेला माणूस आपल्या घरात हे पहिलेच. ज्योतिबानं काही न विचारता दिली, पण दारापर्यंत सोडायला आला नाही म्हणाले.

आतापर्यंत दोन ब्लाउज बरे झाले. मी सारखी बघत बसते. तू स्वल्प विचार कर आणि काय ते कळव. जेवत जा. ऑनलाइनचं नव्हे, घरचं.

तुझी मामी,
शकुंतला

*

मारतहळ्ळी
३ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामींस,
रक्षिताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. आईला विचारलं, ती म्हणाली, सांगितलं होतं, तू कानात वायर घालून हो हो म्हणत होतीस. म्हणजे मला ठाऊक होतं आणि नव्हतंही.

मामांना थांबवा. माझ्या नावानं सांगा, वाटल्यास माझी शपथ घाला. मी इकडे लगेच हालचाल केली. आमच्या संपादक स्मिता मॅडमना सांगितलं की हणमंतराव गावी गेलेत, दुकान सध्या बंद आहे. त्यांनी चौथ्या ठिकाणापुढे तशी टीप टाकली. आता कोणी येणार नाही.

खरं सांगितलं नाही. का, ते तुम्हाला तरी सांगते. मागच्या वर्षी आमच्यातल्या एकानं न चाखता एका हॉटेलवर लिहिलं होतं, त्याला आठ दिवसांत घरी पाठवलं. त्या वेळी सगळ्यात जास्त नावं मी ठेवली होती त्याला. हे वाचून तुम्हाला माझ्याबद्दल काय वाटेल ते मला कळतंय, तरी लिहिते आहे.

रागवा, पण उत्तर पाठवा.

तुमची,
रक्षिता

*

चिकपेठ
१७ फेब्रुवारी

चि. रक्षितास,
आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आधीच एक कापड आत आलेलं होतं. होसकोट्याची मुलगी, मुग्धा नाव. पुढच्या महिन्यात लग्न. तिच्या आईची इरकल साडी होती. आई चार वर्षांमागे गेली. साडी विरलेली, पण पदराकडचा भाग चांगला होता, त्याचा ब्लाउज तिला लग्नात घालायचा होता. लग्नाचं कापड अनोळखी माणसाकडे टाकायला तिचं मन घेत नव्हतं, पण तू लिहिलेलं वाचून आली, असं तिनंच सांगितलं. मी यांना आत बोलावून म्हटलं, हे तरी नको. म्हणाले, सरी, बरं, हे शेवटचं.

कापड तोकडं होतं, घडी घालून बेतता येईना, म्हणून एकेरीवरच बेतलं. दुसऱ्या बाहीला नमुना उलटा करायचा राहिला. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या. शिकाऊ माणूस पहिल्या महिन्यात करतो ती चूक. आणखी कापड नव्हतं. आणणार कुठून, साडी एकच आणि आईही एकच.

मुलगी शनिवारी आली. यांनी काही लपवलं नाही. दोन्ही बाह्या तिच्यापुढे मांडल्या आणि म्हणाले, माझ्या हातून वाईट झालं. ती ओरडली नाही. फळीवर बसून रडली, तुकडे गोळा करून पिशवीत घातले. बरोबरची मैत्रीण मात्र सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं बोलली की येत नव्हतं तर घेतलंत कशाला, लोकांना फसवता म्हणून. बेचाळीस वर्षांत या दुकानापुढे तो शब्द कोणी उच्चारला नव्हता. यांनी तुझं नाव घेतलं नाही.

त्यात भर म्हणून दयानंदांनी यांना फोनवर दाखवलं की तुम्ही गावी गेलात असं लिहिलंय. हे मला म्हणाले, बघ, मी इथं बसलोय आणि मी इथं नाही. मग शटर ओढलं. आज सकाळी पीण्याला जाऊन कात्री परत देऊन आले. जेवायला बसतात, जेवत नाहीत.

तुला चार शब्द कडक लिहायचे ठरवून बसले होते. पण तू लहानपणी यांच्या खडूनं फरशीवर अक्षरं काढायचीस ती मीच पुसलीत. मला कडक लिहिता येत नाही. तूच काय ते लिही.

शकुंतलामामी

*

मारतहळ्ळी
२८ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामांस,
नमस्कार लिहायचीही लाज वाटते आहे, तरी पायांवर डोकं ठेवून.

सोमवारी स्मिता मॅडमना सगळं सांगितलं. बंद दुकानाची थापही सांगितली. त्यांनी लेख उघडून पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, पाच ठिकाणी गेलीस ते मला माहीत आहे, पण आता वाचणाऱ्यानं ते का मानावं? पान माझ्याकडून काढून घेतलंय. मार्चनंतर मला कामावर ठेवायचं की नाही ते नंतर कळवतील. त्यांच्यासमोरून उठायच्या आधी एक काम मागून घेतलं, खुलासा मीच लिहिण्याचं. काल तो माझ्या नावानं आला. त्याचं मराठी असं:

“‘पेठेतला एक दिवस’ या लेखातल्या चौथ्या ठिकाणी मी गेले नव्हते. दुकान माझ्या मामांचं आहे, हेही मी सांगितलं नाही. हणमंतरावांनी बेतण्याचं काम दोन वर्षांपूर्वीच थांबवलं होतं. मी पाहिलं म्हणून लिहिलेलं मी पाहिलेलं नव्हतं. दुकान बंद असल्याची टीपही खोटी होती. माझा शब्द राखण्यासाठी त्यांनी काम घेतलं. त्यांचा यात काहीही दोष नाही.”

बुधवारी होसकोट्याला मुग्धाकडे गेले. तिनं आत घेतलं, कॉफी दिली, आणि कपाटातून त्या दोन बाह्या काढून टेबलावर ठेवल्या. म्हणाली, तुमच्यावर चिडायचं की त्यांच्यावर, ते ठरेना, म्हणून कोणावरच चिडले नाही, आणि आता त्याचीच चीड येते. माफ केलं असं म्हणाली नाही. मीही मागून घेतलं नाही.

मागच्या शनिवारी पेठेत आले होते. बळेपेठेच्या वळणापर्यंत. तिथून तुमचं शटर अर्धं वर दिसलं आणि खाली तुमचे पाय. पुढे येता आलं नाही. गाडीवरची ओब्बट्टू घेऊन परत फिरले आणि बसमध्ये तीही खाता आली नाही.

उत्तर द्यावं असं मी काही केलेलं नाही. पण लहानपणापासून तुमच्या उत्तराची सवय आहे.

रक्षिता

*

चिकपेठ
९ मार्च

चि. रक्षितास,
हणमंताचे आशीर्वाद. वि. वि.

अक्षर वेडंवाकडं येतंय, दोन दिवस लागले लिहायला. वाचताना हसू आलं तर हस.

तुझा खुलासा दयानंदांनी वाचून दाखवला, तू उतरवलेला मी स्वतः वाचला. मुग्धाच्या मैत्रिणीनं बोळात जे म्हटलं त्याचं उत्तर लोकांना मिळालं. दुकानात परत बसतो आहे. कुलूपवाल्यांच्या सुनेच्या साडीला फॉल लावला. बोळातली माणसं पूर्वीसारखी बोलतात, थोडं हळू बोलतात एवढंच.

पण त्यातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. माझा दोष नाही असं तू कुणाला विचारून लिहिलंस? पुन्हा न बघताच लिहिलंस.

तुला खोटं पडू देऊ नये म्हणून मी कापड घेतलं, असं मी तुझ्या मामीला सांगितलं. तिनं ते खरं धरलं, तूही धरलंस. तसं नाही. त्या पहिल्या दोघी आल्या, त्यांनी फोनमधलं मला वाचून दाखवलं, कन्नडात करून. टेप गळ्यातच राहते, खडू लागत नाही. रक्षिता, मला ते आवडलं. दोन वर्षं मी लोकांच्या साड्यांना फॉल लावत होतो आणि कोणी मान वर करून बघत नव्हतं. मला वाटलं, छापलंय म्हणजे अजून असेल माझ्यात. ज्योतिबाकडे गेलो तो तुझ्यासाठी नाही गेलो. इरकल हातात घेतली तेव्हा अंगठा थरथरत होता ते मला दिसत होतं, आणि तेव्हा तुझं नावही माझ्या मनात नव्हतं. त्या पोरीच्या आईची साडी माझ्या हौसेपायी गेली.

हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही. तुझ्या मामीला आज हे पत्र टाकायच्या आधी वाचायला देणार आहे, तेव्हा संध्याकाळी माझं काय होईल ते सांगता येत नाही. मुग्धाला वेगळं पत्र लिहिलंय, कन्नडात, दयानंदांच्या हातून. तुझ्या पानावर तेवढं वाक्य दुरुस्त करून घे. तुला करू देत नसतील तर त्या स्मिताबाईंना माझं नाव सांगून विनंती कर. लिही की हात चालत नाही हे हणमंतरावांना ठाऊक होतं, तरी त्यांनी काम घेतलं.

तुझी चूक मोठी की माझी, हे मोजत बसू नकोस. तुझी तुझ्याकडे राहू दे, माझी मी घेतो.

येत्या शनिवारी ये. वळणावरून परत जाऊ नकोस. मला तुझ्यापुढे मान वर करवणार नाही आणि तुलाही माझ्यापुढे, हे मला दिसतंच आहे. म्हणून समोरासमोर बसायचंच नाही. फळीवर दोघं शेजारी बसू, तोंडं बोळाकडे करून. गल्लीतून बरीच माणसं जातात, बघण्यासारखं पुष्कळ असतं. बोलायला जमलं तर बोलू.

लोभ किती उरलाय ते दोघांनाही तेव्हाच कळेल.

तुझा मामा,
हणमंत