रेहानच्या गाडीखालच्या पट्ट्या

असमा,

मला आज लवकर मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीवर कामाला बोलावलंय, संध्याकाळी उशीर होईल. ड्युटीवरून आलीस की सोड्यांचा भात गरम करून घे. चारला कॅनडाहून रेहानचा फोन येईल. गोठलेल्या तलावावरून तो ज्या स्नोमोबाइलने, म्हणजे बर्फावरच्या गाडीने, दवाखान्यात कामाला जातो, ती वळणावर वळतच नाही, सरळ घसरते. खालच्या पट्ट्या कुठल्या घेऊ, असं आपल्या पोराने मला विचारलंय. तिथे सांगणारे शंभर असतील, आणि विचारलं कोणाला, तर ज्याने बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिला त्या बापाला!

त्याला एवढं वाचून दाखव. गाडी पुढे ज्या दोन घसरफळ्यांवर टेकते, त्या दोन्ही स्कींखालच्या पट्ट्या झिजून गोल झाल्यात. आपल्या होडीचा कणा पाणी धरतो ना, तशी पट्टीची धार बर्फ धरते. कार्बाइडची, त्या कडक धातूची धार असलेल्या, मधल्या लांबीच्या घे. फार लांब घेतल्यास तर हँडल जड होईल आणि मागची बाजू सरकेल. दोन्हीकडे एकसारख्या, एकदमच बदल. तोवर तलावावर गाडी घालू नको.

त्याने पाठवलेल्या फोटोत पट्टीशेजारी त्याचा हात आलाय. हातमोजा नाही, बोटं फुटलीत. मी पट्टीपेक्षा हातच जास्त पाहिला. हे सांगू नको.

सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकता आलं असतं. मग त्याने नुसता अंगठा पाठवला असता. तू हळूहळू वाच, मध्ये त्याला बोलू दे. शेवटी सांग, नव्या पट्ट्यांवर पहिलं वळण कसं घेतलं ते अब्बांना ऐकायचंय. शुक्रवारी, जुम्याला मी दिवसभर घरीच आहे.

गफूर