पाण्याची पारख

बाबा, गच्चीवर मी मातीशिवाय पालक लावलाय, हे ऐकून तुम्ही आधी चष्मा पुसला असता. पांढरे पाइप, दर आठ इंचांवर भोक, भोकात रोप, आणि आतून खत मिसळलेलं बोअरचं पाणी सतत वाहतं. पंप, पाइपांचा उतार, सगळं मी स्वतः वाचून, चुकत-माकत बसवलं. मागच्या महिन्यात मात्र नवी पानं पिवळी यायला लागली. शिरा तेवढ्या हिरव्या. मीटर बुडवला तर क्षार अगदी हवे तितके. चार दिवस मी मीटरवर विश्वास ठेवून बसलो.

मिलला टाळं लागल्यावर सुदामा नगरात घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर तुम्हीही पालकच लावला होतात. शेजारचे काका कुंपणावरून विचारतात, "क्यों भाऊसाब, मिल बंद तो खेती चालू?" "हां भिया, इसमें तालाबंदी नहीं होती," तुम्ही वाकल्या-वाकल्याच म्हणता. मुठीत माती दाबून ओल सांगायचात. मला त्याला तीन उपकरणं लागतात. एकदा मी घाईने युरिया जास्त टाकला आणि अख्खा वाफा करपला. तुम्ही ओरडला नाहीत. "काळी माती आपल्या पुष्कळ चुका पोटात घालते रे, म्हणून काय रोज नवी करायची?" बोअरचं पाणीही तिने मुकाट्याने पचवलं. माझ्या पाइपांत पोटात घालणारं कुणी नाही. ओतलं ते थेट मुळांना.

पाचव्या दिवशी मिलमधलं तुमचं रंगखातं आठवलं. जड पाण्याने कापडावर रंग डागाळतो, म्हणून तुम्ही रोज सकाळी बाटलीत पाणी आणि साबणाचा कीस घालून हलवायचात. मीही हलवली. नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याला छान फेस. बोअरच्या पाण्यावर नुसती पांढुरकी साय. तेव्हा कळलं, मीटर क्षार किती ते सांगतो, कुठले ते सांगत नाही. माझे बरेचसे बोअरचेच होते, खताचे थोडे. पाणी बदललं. दहा दिवसांत नवी पानं हिरवीगार.

काल शेतकी कॉलेजातली मुलं बघायला आली होती. त्यांना मी तीच बाटली हलवून दाखवली, जरा ऐटीतच. "वा सर! ये किससे सीखा?" एका मुलीने विचारलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहितो. "खुद ही," मी म्हणालो. तिने ते वहीत उतरवून घेतलं, आणि मी उतरवू दिलं.